काऊनसाहेब

आईवडिलांचे ऋण सांगायचे नसते. ते सोडले तर माझ्यावर सर्वांत मोठे ऋण काऊनसाहेबांचे आहे. त्यांचे खरे नाव वेगळे होते आणि जिल्हा कौन्सिलच्या पटावर त्यांचा हुद्दा 'ऑडिटर' असा होता. पण बुलढाण्याच्या कचेरीत, घाटाखालच्या शाळांत आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या दवाखान्यांत त्यांना कोणी त्या नावाने ओळखत नसे. आमच्या वऱ्हाडात 'का' ला 'काऊन' म्हणतात, आणि हा शब्द साहेबांच्या तोंडात दिवसभर पानासारखा असे. वस्तू दिसली की काऊन, दिसली नाही की काऊन, जास्त दिसली की तर हमखास काऊन.

तो शब्द ते कसा उच्चारत, हे लिहून दाखवणे अवघड आहे. फौजदार विचारतो तसा तो नव्हता. नवी सून शेजारणीला "तुमच्याकडे आमटीत हे काय घालता हो?" असे विचारते ना, तसा तो 'काऊन' असे. त्यात संशय फार थोडा आणि कुतूहल फार. नवखा माणूस पहिल्यांदा घाबरे. दुसऱ्यांदा विचारले की गोंधळे. तिसऱ्यांदा मात्र त्याच्या लक्षात येई, की या गृहस्थाला खरोखरच जाणून घ्यायचे आहे. मग तो खुर्ची ओढून बसे आणि न विचारलेलेही सांगू लागे.

मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा अमरावतीहून बी. ए. होऊन नुकताच परतलो होतो. आमचे घराणे रंगाऱ्यांचे, जळगाव जामोदचे. वडिलांच्या हाताची निळाई शेवटपर्यंत गेली नाही. घरात सही करणारा मी पहिला. अशा घरातून कॉलेजात गेलेल्या मुलाला एक खोड लागते. तो काही विचारत नाही. विचारले की आपल्याला ठाऊक नाही हे उघड होते, आणि ते उघड झाले की आपण कुठून आलो तेही उघड होते, असे त्याला वाटत असते. चार वर्षे मी अशी मान डोलावून काढली होती. त्यामुळे डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळलेला, काळ्या कोटाची सगळी बटणे लावणारा हा ठेंगणा अधिकारी भर कचेरीत चपराशालासुद्धा "हे काऊन रे बापू?" असे विचारतो आणि उत्तर ऐकून खूश होतो, हे पाहून मी चकितच झालो.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला माझे काम समजावले. नागपूरहून सरकारी ऑडिटर वर्षाकाठी येत असत. मग कौन्सिलने स्वतःचा निराळा ऑडिटर कशाला ठेवावा, असे माझ्या मनात होते, पण मी अर्थातच विचारले नाही. साहेबांनी ते ओळखले असावे.

"तो नागपूरवाला पाव्हना हाय," ते म्हणाले. "पाव्हन्याले आपन चांगली सतरंजी टाकतो. फाटकी घडी करून माळ्यावर ठेवतो. आपन घरचे. आपल्याले फाटकीच पाह्याची हाय. ते काऊन फाटली, कोठी फाटली, शिवता येते का, हे पाह्याचं. कळलं?"

मी मान डोलावली.

"नाई कळलं तं नाई म्हन," ते म्हणाले. "मान काहाले हालवतं बैलासारखी?"

त्यांची तपासणी कागदांपासून सुरू होत नसे. गावात पोचलो की आधी ते पायी हिंडत. एकदा मोताळ्याच्या रस्त्यावर दुरुस्तीसाठी टाकलेली खडी पाहायला आम्ही गेलो होतो. कडेने ढीग ओळीने रचलेले, मापात चोख. ठेकेदार सोबत होता, गोड बोलणारा माणूस. साहेब एका ढिगाजवळ थांबले आणि उकिडवे बसले.

"याच्यावर गवत काऊन उगोलं हो शेठ?"

"पावसानं साहेब. पाऊस चांगला झाला औंदा."

"हाव, पाऊस तं झाला. पन गोट्यावर गवत उगोते हे मले माहीत नोतं." आणि खरोखरच काही नवल पाहावे तसे त्यांनी ते गवत उपटून मुळांकडे पाहिले. मुळांना काळी माती होती. चपराशाने पहारीने ढीग उकरला, तेव्हा आत मातीचा चांगला उंचवटा आणि त्याच्यावर अंगरख्यासारखी खडी. ठेकेदार ओशाळून हसला. साहेबही हसले, पण लिहिले ते सगळे लिहिले. परतताना मला म्हणाले, "गवत उगवाच्या आंधी आलो असतो तं फसलो असतो पाय." आपण हुशार आहोत असा त्यांचा समज नव्हता. आपण वेळेवर आलो, इतकेच त्यांचे म्हणणे असे.

कुतूहल त्यांच्यावर उलटेही. पायथ्याच्या एका दवाखान्यात वस्तू पडताळत असता यादीत थर्मामीटर आला. कंपाउंडरने तो कपाटातून काढून दाखवला.

"चालते का पन?" साहेबांनी विचारले.

"चालते ना साहेब."

"काऊनवरून?"

कंपाउंडरने तो झटकून साहेबांच्या जिभेखाली दिला. काढून उजेडात धरला आणि गंभीरपणे म्हणाला, "साहेब, थर्मामीटर चालू हाय. तुमीच बंद पडाच्या बेतात हा. लय ताप हाय तुमाले." आणि होताच. साहेब त्याच दवाखान्याच्या खाटेवर पडून राहिले. अंगावर घोंगडे घेऊन त्यांनी औषधांच्या बाटल्यांपासून कंपाउंडरच्या सोयरिकीपर्यंत सगळे विचारून घेतले. नोंद मात्र स्पष्ट केली: 'थर्मामीटर चालू स्थितीत आहे. स्वतः अनुभव घेतला.' ही नोंद पुष्कळ दिवस कचेरीत गाजत होती.

नोंदी ते मराठीत लिहीत. कौन्सिलच्या सभेपुढे इंग्रजी तर्जुमा ठेवण्याचा प्रघात होता आणि ते काम माझे होते. ते माझ्या मागे उभे राहत आणि एखादे इंग्रजी वाक्य परत मराठीत सांगायला लावत. "हे म्या लेहलं तेच हाय का त्याच्या शेजारचं?" असे विचारत. माझे काम त्यामुळे दुप्पट होई. पण त्या तर्जुम्यांतच मी हळूहळू विचारायला शिकलो. "साहेब, इथे तुम्हांला काय म्हणायचे आहे?" हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारले, तेव्हा ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आता बोल्ला. इचार."

आता ज्या प्रकरणासाठी हे सगळे लिहितो आहे त्याकडे येतो. घाटाखाली मोताळ्याच्या अंगाला एक बाजाराचे गाव आहे. नाव लिहीत नाही, जाणणारे जाणतील. तिथल्या मराठी शाळेबद्दल कचेरीत एक निनावी अर्ज आला: दर बाजाराच्या दिवशी शाळेला कुलूप असते, मास्तर बाजारात हिंडतात आणि हजेरी मात्र पूर्ण मांडतात. खोटी हजेरी म्हणजे साधा गुन्हा नव्हे. तेवढ्यावर मास्तरची नोकरी जात असे, आणि त्या वयात गेलेली नोकरी पुन्हा मिळत नसे. तिथले रहीम मास्तर पेन्शनीला टेकले होते.

साहेबांनी अर्ज वाचला आणि त्यांचे डोळे चमकले. "बाजाराच्या दिवशी सगळ्याच शाळांत पोट्टे कमी राह्यते," ते म्हणाले. "ह्यानं पूर्ण काऊन मांडली? खोटं लेहनारा तं इतरांसारखंच लेहीन. हा येगळं काऊन लेहून राह्यला?"

बाजाराच्याच दिवशी आम्ही दमणीतून, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीतून, घाट उतरलो. शाळेला खरोखरच कुलूप होते. साहेबांनी ते हातात घेऊन पाहिले, खिडकीतून आत डोकावले. मला वाईट वाटले. अर्ज खरा निघाला, आता राहिले काय? पण साहेब बाजाराकडे चालू लागले होते.

बाजार ऐन भरात होता. बैलांचा एका बाजूला, भाजीचा मध्ये, आणि कडेने बांगड्यांची, मडक्यांची, कापडाची पालं. आणि त्या गलबल्यातून एक उंच, वाकलेला, दाढी पिकलेला माणूस बगलेत हजेरीपुस्तक धरून खड्या आवाजात ओरडत चालला होता, "किसन गणू!"

कांद्याच्या ढिगामागून आवाज आला, "हजर!"

"वसंता नारायण!"

"हजर, मास्तर!" हा मडक्यांच्या उतरंडीआडून.

"शेख युसुफ! युसुफ कोठी हाय बे?"

"तो बैलाले पानी पाजाले गेला मास्तर, येऊन राह्यला," एक बाई म्हणाली.

"आला म्हंजे मांडतो," मास्तर म्हणाले आणि पुढे सरकले.

साहेब वांग्याच्या दुकानापाशी उभेच राहिले. भाजीवाल्या बाईने त्यांच्या काळ्या कोटाकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

"तुमी कोन? पोलीस का?"

"नाई बाई. आडिटर."

"थे काय असते?"

"जो इचारते तो."

"मंग आमचा पोट्टाच आडिटर हाय," बाई म्हणाली. "सकाळपासून इचारून इचारून डोकं खाल्लं त्यानं. घ्या त्याले तुमच्या कचेरीत."

वांग्याच्या टोपल्याआड बसलेला तो पोट्टा पाटी मांडीवर घेऊन गिऱ्हाइकाच्या वजनाचा हिशेब लिहीत होता. मास्तर येता येता वाकले, पाटीवर बोट ठेवले, "हे पाह्य, अदपाव धरला नाई तू," म्हणाले आणि पुढच्या पालाकडे गेले. दुपारी गिऱ्हाईक मंदावले तशी पोरे निंबाखाली गोळा झाली. मास्तरांनी पावकी-निमकीच्या पाढ्यांना सुरुवात केली. पोरांच्या आवाजात बांगड्या विकणाऱ्या म्हाताऱ्या मणियारणीचाही आवाज मिसळला. ती निमकीत पोरांच्या पुढे होती, आणि कोणी चुकले की खणखणीत हसत होती.

साहेब निंबाखाली मुलांच्या मागे मांडी घालून बसले. एका मुलीकडे बोट करून त्यांनी विचारले, "मास्तर, हिचं नाव पुकारलं नाई तुमी. काऊन?"

मास्तरांना आता कळले होते की हा कोण माणूस आहे. त्यांचा चेहरा उतरला, पण आवाज नाही.

"ते पटावर नाई, साहेब. तिचा बाप तिले शाळेत नाई धाडत. पन बाजारात बसाले नाई म्हनत नाई. इथं बसते, आईकते. आता नाव लेहते, धडा वाचते. अशा तीन-चार पोरी हायत."

"आन् शाळेले कुलूप?"

"पोट्टे बाजारात, मंग म्या शाळेत कोनाले शिकवू? भितीले? आंधी उघडून बसत होतो. लय वर्स बसलो. एक पोट्टं येत नोतं. मंग म्हनलं, थे येत नाई तं आपन जाऊ."

"परवानगी घेतली?"

"मांगतली असती तं भेटली असती का, साहेब?"

साहेबांनी वही उघडली. मग म्हणाले, "मास्तर, कुलूप पाह्यलं म्या. कुलूप लेहा लागन मले."

मास्तरांनी हजेरीपुस्तक मिटले. "लेहा साहेब. तुमचं काम हाय. पन कांद्यामांगून आलेलं हजर बी आईकलं ना तुमी? थे बी लेहा."

"हाव. थे बी लेहतो."

परतीच्या वाटेवर मी साहेबांशी वाद घातला. आयुष्यात वडीलधाऱ्या माणसाशी घातलेला तो माझा पहिला वाद. कुलूप लिहू नका, मी म्हणालो. नियमाने शाळा शाळेच्या इमारतीतच भरली पाहिजे. कुलूप लिहिले की मास्तर गेले. आपण बाजारातली शाळा पाहिली, ती चांगली आहे, तेवढेच लिहा.

"मले जे आवडलं तेवढंच लेहलं," साहेब म्हणाले, "तं उद्या ज्याले दुसरं आवडते तो तेवढंच लेहीन. मंग त्याले म्या कोन्या तोंडानं काऊन म्हनू? नाई बापू. पुरं पाह्यलं, आता पुरं लेहा लागते. अर्ध्यावर थांबलो तं आपन त्या अर्जवाल्यासारखेच. त्यानं बी खोटं कोठी लेहलं होतं?"

त्यांनी चार पाने लिहिली. त्यात कुलूप होते, तोडलेला नियम होता, न घेतलेली परवानगी होती. आणि कांद्याचा ढीग होता, पाटीवरचा अदपाव होता, पावकी म्हणणारी मणियारीण होती, पटावर नसलेल्या मुली होत्या. 'पुकारा समक्ष ऐकला. गैरहजर मुलास हजर मांडल्याचे आढळले नाही,' असे शेवटी होते. इतका मजकूर कोणत्याही शाळेवर त्यांनी आजवर लिहिला नव्हता.

ती नोंद सभेपुढे यायच्या आधीच साहेब पेन्शनीत निघाले. हार-तुऱ्यांचा कार्यक्रम झाला. त्यात त्यांनी हार आणणाऱ्या माळ्याला, शेवंतीत मध्येच झेंडू काऊन ओवला, असे विचारले आणि त्याचे उत्तर पूर्ण ऐकूनच मान पुढे केली. मग सामान दमणीत घालून ते पिंपळगाव राजाच्या बाजूला, आपल्या गावी निघाले. मी कचेरीच्या फाटकापर्यंत गेलो. वाकून नमस्कार केला तेव्हा म्हणाले, "त्या मास्तरचं काय होते थे मले कळव. मले चैन नाई पडाचं." दमणी वळणाआड गेली. मागे वळून पाहण्याची त्यांना सवय नव्हती. ते गाडीवानाला बैलाच्या शिंगांबद्दल काहीतरी विचारत होते.

सभेच्या आदल्या दिवशी सेक्रेटरीसाहेबांनी मला बोलावले. ते वाईट गृहस्थ नव्हते. कामाचे, नेटके, नागपूरकडचे. माझा तर्जुमा त्यांच्यापुढे होता.

"चार पानं सभेत कोण ऐकणार?" ते म्हणाले. "मंडळी लांबून येतात, त्यांना परतायचं असतं. मुद्दा दोन ओळींत द्या. बाजाराच्या दिवशी शाळेला कुलूप आढळले. हजेरी पूर्ण मांडलेली होती. बस्स."

"पण साहेब, मास्तरांनी—"

"यात खोटं काय आहे?"

खोटे काहीच नव्हते. दोन्ही गोष्टी मी डोळ्यांनी पाहिलेल्या होत्या. आणि तेवढ्यावर मास्तर घरी बसले असते, हेही मला ठाऊक होते.

"मला पूर्ण वाचू द्यावे, अशी विनंती आहे," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला. "तुमची नोकरी अजून कायम व्हायची आहे ना? शिफारस माझ्याकडूनच जाते." हे त्यांनी धमकी म्हणून म्हटले की आठवण म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही.

मी खोलीवर गेलो. वडील जाऊन वर्ष झाले होते आणि आई बुलढाण्याला माझ्याकडे राहत होती. नोकरी कायम झाली की जळगावच्या देवीला खण-नारळ घेऊन जायचे, असे तिने ठरवून ठेवले होते. ती भाकरी थापत होती. मी तिला काही सांगितले नाही.

सभा झाली त्या रात्री जे पत्र मी साहेबांना लिहिले, त्याची नक्कल माझ्यापाशी आहे. ती जशीच्या तशी देतो.

तीर्थस्वरूप साहेबांचे सेवेशी,

शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आपण कळवावयास सांगितले होते त्याप्रमाणे कळवतो. आज सभा झाली. दोन ओळी द्याव्यात अशी मला सूचना होती. मी दिल्या नाहीत. माझे नाव पुकारल्यावर उभे राहून आपली नोंद पहिल्या शब्दापासून वाचावयास लागलो, आणि इंग्रजी सर्वांना समजत नाही हे पाहून ती मराठीतच, आपल्या शब्दांत वाचली. कुलपाचा मजकूर आला तेव्हा दोन-तीन सभासद 'बडतर्फ करा' असे म्हणाले. एक गृहस्थ पान खाण्यास उठून गेले. मी वाचत राहिलो. कांद्याच्या ढिगापर्यंत आलो तेव्हा कोणी हसले. पान खाण्यास गेलेले गृहस्थ दारातच उभे राहून ऐकत होते. ते घाटाखालचे आहेत. वाचन संपल्यावर ते म्हणाले, "आमी बी बाजारातच वाढलो. आमाले पुकाराले कोनी आलं नाई."

मास्तरांची नोकरी राहिली. विनापरवानगी शाळा बंद ठेवल्याबद्दल त्यांची या वर्षीची पगारातील बढती रोखली आहे. बाजारातली शाळा दिवाळीपर्यंत चालू द्यावी आणि दोन सभासदांनी जाऊन पाहावी, असा ठराव झाला. मुलींच्या नावांचा प्रश्न मीच काढला. अध्यक्ष म्हणाले की तुम्हांला वाचावयास बोलावले होते. तरी मी विचारले. त्यांची नावे निराळ्या पानावर मांडण्यास हरकत नाही, असे ठरले. उद्या पहाटेच्या गाडीने घाटाखाली जाऊन मास्तरांना हे स्वतः सांगणार आहे.

मला कायम करण्याचा विषय आजच्याच सभेत होता. सेक्रेटरीसाहेबांनी तो पुढे ढकलला. पुढच्या सभेत काय होईल ते सांगता येत नाही. मला भीती वाटते आहे, हे आपल्यापाशी लपवत नाही. पण आज वाचताना माझा आवाज कापला नाही.

आई आत जागी आहे. सभेत काय झाले म्हणून तिने दोनदा विचारले. तिला अजून काही बोललो नाही. आधी आपल्याला लिहावे आणि मग तिच्यापाशी जाऊन बसावे, असे वाटले. आता जातो.

आपला आज्ञाधारक